परमिटचं सिमेंट आणि गल्लीतला रस्ता

सोसायटीच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर वैकुंठ स्मशानभूमीबाहेर लाकडं यायची वाट बघत असताना, मला एकच प्रश्न विचारला गेला आहे: आमच्या गल्लीत डांबर बरं की काँक्रीट? नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात उमर गेली, त्यामुळे लोकांना वाटतं या माणसाच्या खिशात एका शब्दाचं उत्तर तयार असणार. मी उलट विचारतो, गल्लीखाली काय काय पुरलंय ते माहीत आहे का? मग विचारणारा घड्याळ बघतो.

खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते बरंचसं इतिहासात आहे. आपल्या गल्ल्यांत आधी डांबर का आलं आणि पुढे त्याच्या डोक्यावर काँक्रीट का ओतलं गेलं, याचा रस्त्याच्या मजबुतीशी संबंध फार थोडा. जास्त संबंध आहे तो सिमेंटच्या परमिटशी, ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांशी आणि मार्च महिन्याशी.

डांबराच्या आधीचा रस्ता खडीचा. जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) या स्कॉटिश माणसाची ही पद्धत साहेबाबरोबर इथे आली आणि लहान गावांतून माझ्या शाळेच्या दिवसांपर्यंत टिकली. मॅकॅडमचं म्हणणं असं, की मोठे दगड गाडत बसू नका. सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा, जड दगडच नको. फोडलेल्या खडीचे कोन एकमेकांत अडकून बसतात आणि चाकांनी आणखी घट्ट होतात. खालची माती कोरडी ठेवा, ती वाटेल तेवढं ओझं पेलते. त्याच्या रस्त्यात डांबर नव्हतं, चुना नव्हता. मातीबद्दलचं त्याचं वाक्य मात्र आजही डांबराला लागू आहे आणि काँक्रीटलाही, आणि दोन्हीकडे ते सारख्याच इमानाने विसरलं जातं.

खडी फोडायची वडारांनी. रस्त्याच्या कडेला पालं पडायची, दगडांचे ढीग पडायचे आणि बायका उन्हात बसून हातोडीने खडी करायच्या. दगड हातात धरला तर बोटं जातात, म्हणून डाव्या हातात जुन्या टायरची कडी असायची. तिच्यात दगड अडकवायचा, उजव्या हाताने एकच घाव घालायचा, फुटला की कडी पुढच्या दगडावर. मोजणी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. ओव्हरसिअर टेप घेऊन आला की ढिगाचा आकार एकदम नीटनेटका व्हायचा. दगड आपला काळा पत्थर, सह्याद्रीचा बेसॉल्ट. हा दगड डांबराला चांगला धरून ठेवतो. दख्खनवर रस्ते करणाऱ्याला निसर्गाने दिलेली ही फुकटची सवलत आहे, तिची आठवण कुणी काढत नाही म्हणून मी काढतो.

खडीचा थर, वर कच, वर पाणी, वर रोलर, शेवटी मुरूम. हा रस्ता बैलगाडीला उत्तम होता. गाडीची लोखंडी धाव खडीचा बारीक चुरा करते आणि तोच चुरा फटी बुजवतो. मोटारीचा रबरी टायर उलटं करतो, फटीतला चुरा खेचून हवेत उडवतो. धूळ गेली की खडी सुटते. युरोपात मोटारी आल्या आणि दहाएक वर्षांत मॅकॅडमच्या रस्त्यांचा जीव गेला. १९०२ मध्ये नॉटिंगहॅमशरच्या एडगर हूली नावाच्या सर्व्हेअरने डांबरात घोळलेल्या खडीचं पेटंट घेतलं. तेव्हाचं डांबर दगडी कोळशाचं, गॅसच्या कारखान्यात मागे उरणारं. खनिज तेलाचं बिटुमेन नंतर आलं आणि त्याने कोळशाच्या डांबराला हटवलं.

आपल्याकडे या गोष्टीला पैशाची वाट करून दिली ती एका मराठी बॅरिस्टरने. १९२७ साली हिंदुस्थान सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष मुकुंद रामराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते हेच, विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे ते. समितीचा अहवाल १९२८ चा. मोटारवाल्याने रस्ता झिजवला तर त्याचे पैसे त्यानेच द्यावेत, हा त्यातला गाभा. त्यातून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला, १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि रस्त्यांची उतरंड ठरली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांताचे महामार्ग, जिल्ह्याचे, गावाचे. नागपूर योजना म्हणून आम्ही डिप्लोमाला हे पाठ केलं. या उतरंडीत शहरातली गल्ली कुठेच नाही. गल्ली नगरपालिकेची, आणि नगरपालिकेचा आधार तेव्हा घरपट्टी आणि जकात. पुढची सगळी रडकथा त्या एका गाळलेल्या जागेत सुरू होते, असं माझं मत आहे.

आता काँक्रीट. अमेरिकेत ओहायो राज्यात बेलफाउंटन नावाचं गाव आहे. १८९१ मध्ये जॉर्ज बार्थोलोम्यू या माणसाने तिथल्या नगर परिषदेला म्हटलं, कोर्टाच्या चौकात मी सिमेंटचा रस्ता करून दाखवतो. परिषद बधेना. सिमेंट पायऱ्यांना ठीक, घोड्यांच्या नालांखाली ते टिकणार कसं? तेव्हा बार्थोलोम्यूने ५,००० डॉलरचा बाँड लिहून दिला: पाच वर्षांत रस्ता बिघडला तर पैसे तुमचे. रस्ता टिकला. त्याच चौकातल्या कोर्ट अव्हेन्यूचा जुना काँक्रीटचा भाग आजही तिथे आहे. जगातल्या पहिल्या काही काँक्रीट रस्त्यांपैकी एकाचा जन्म असा हमीपत्रावर झाला. सिमेंटची प्रत, खडीचं प्रमाण हे पुस्तकात मिळतं. स्वतःचे पैसे अडकवून काम करणारा कंत्राटदार मात्र पुस्तकात मिळत नाही.

हिंदुस्थानात सिमेंटचा मोठा कारखाना १९१४ मध्ये पोरबंदरला चालू झाला. पहिल्या महायुद्धानंतर कारखाने भराभर निघाले, माल जास्त आणि गिऱ्हाईक कमी अशी गत झाली आणि कंपन्या एकमेकींचे भाव पाडत बसल्या. त्यातून १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया निघाली. काम काय, तर सिमेंट कुठे कुठे वापरता येतं ते लोकांना शिकवायचं. १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. सिमेंटवाल्यांना गिऱ्हाईक हवं होतं आणि रस्त्याइतकं सिमेंट खाणारं गिऱ्हाईक दुसरं नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हचा काँक्रीटचा रस्ता १९४० च्या सुमाराला झाला तो या हवेत. बांधणाऱ्यांत रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर होते, पतितपावन मंदिर बांधून देणारे, आणि त्यांच्याबरोबर पालनजी मिस्त्री. तो काँक्रीटचा पृष्ठभाग ७० वर्षांच्या आसपास चालला. काँक्रीटचा विषय निघाला की कुणीतरी मरीन ड्राइव्हचं नाव काढतंच. काढावं. फक्त एक लक्षात ठेवावं, की त्या रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आहे. त्या बाजूने कुणाला नळजोड द्यायचा नव्हता.

मग ही टूम गल्लीपर्यंत का पोचली नाही? दुसरं महायुद्ध आलं आणि सिमेंटवर सरकारी नियंत्रण बसलं. मधला थोडा काळ सोडला तर ते १९८२ पर्यंत पूर्ण आणि त्यानंतर १९८९ पर्यंत अर्धवट राहिलं. माझ्या पिढीला हे सांगावं लागत नाही, पण मुलांना खरं वाटत नाही. लग्नपत्रिका दाखवून साखर आणि मंजूर नकाशा दाखवून सिमेंट मिळायचं. घराचा स्लॅब टाकायचा तर पुरवठा शाखेत अर्ज, मग सही, मग परमिट, मग दुकानदाराचं “माल आलेला नाही”. मिळालेल्या गोणीत घट्ट झालेले गोळे निघायचे, ते फोडून चाळून वापरायचे. १९८२ च्या जानेवारीत सिमेंटच्या वाटपावरून गाजलेल्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि मुख्यमंत्री अ. र. अंतुले पायउतार झाले. एका राज्याचं मंत्रिमंडळ ज्या वस्तूवरून हलतं, ती वस्तू कुणी गल्लीत ओतत नाही.

डांबराची गोष्ट नेमकी उलटी. ट्रॉम्बेला १९५४ आणि १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने चालू झाले. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढल्यावर तळाशी जे जाड काळं उरतं ते बिटुमेन, आणि त्याचं करायचं काय हा कारखान्यांनाच प्रश्न. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांना डांबराची पिंपं मिळू लागली ती या घरच्या कारखान्यांमुळे. काळा पत्थर हाताशी, डांबर शेजारी, सिमेंट परमिटवर. कुठला रस्ता चांगला, असा प्रश्न त्या तीस वर्षांत कुणी विचारलाच नाही. विचारायला दोन पर्याय लागतात.

त्या काळातलं डांबराचं काम मी नवशिक्या असताना शेवटच्या टोकाला पाहिलं. पिंपं आडवी करून झाकण उडवायचं, खाली लाकडं नाहीतर जुने टायर पेटवायचे. पातळ झालेलं डांबर झारीत घेऊन मजूर उलटा उलटा चालत खडीवर धार सोडायचा. पायांना गोणपाट बांधलेलं, वर भर उन्हाळा, खाली दीडशे अंशांचं डांबर. आमच्याकडे एक मुकादम होते, सही करण्यापुरतं शिकलेले. खात्याचा थर्मामीटर होता, पण तो साहेबांच्या कपाटात. मुकादम धुराचा रंग बघायचे. पांढरट वाफ म्हणजे खडी ओली, माल परत. निळा धूर म्हणजे डांबर जळलं. जळलेलं डांबर दिसायला काळंच असतं, पण त्यातली चिकटाई गेलेली असते आणि असा रस्ता पहिल्या पावसात खडी सोडतो. निळा धूर दिसला की ते काही न बोलता काम थांबवून बिडी पेटवायचे. पुढे मी प्रयोगशाळेचे पुष्कळ दाखले पाहिले. त्या बिडीइतका भरवसा मला फार थोड्यांचा वाटला.

डांबराचा वैरी पाणी, हे सगळ्यांना माहीत असतं, पण कसा ते नाही. पाण्याने डांबर विरघळत नाही. साचलेलं पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरतं आणि डांबराचं कातडं दगडावरून सोलून काढतं. वरून टायर दाबतो, पाण्याला जायला जागा नसते, ते आणखी आत घुसतं. म्हणून खड्डा नेहमी तिथेच पडतो जिथे पाणी थांबतं: वळणावर, चेंबरच्या कडेला, नळाच्या गळतीशी.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता हे याचं उलट उदाहरण. त्याची कथा पुणेकर दर पावसाळ्यात सांगतात. १९७३ च्या पावसात शहरातले रस्ते धुऊन गेले. स्थायी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईत काम करणाऱ्या रेकॉन्डो कंपनीला गाठलं. ही कंपनी दोन पारशी भावांची. हॉट मिक्स पद्धतीने, म्हणजे खडी आणि डांबर आधीच प्लांटमध्ये गरम कालवून, रस्ता झाला, खर्च १५ लाखांच्या घरात, १ जानेवारी १९७६ ला तो पुरा झाला आणि कंपनीने दहा वर्षांची हमी लिहून दिली. दहा वर्षं गेली, वीस गेली, तीस गेली, रस्त्याला खड्डा नाही. लोक म्हणतात, पारशांनी डांबरात काहीतरी घातलं होतं. मी या रस्त्याची रेकॉर्डं चाळलेली नाहीत, त्यामुळे डांबरात काय होतं यावर बोलणार नाही. पण टेकडीकडून नदीकडे जमिनीला तिथे मुळातच उतार आहे आणि मुठा हाकेच्या अंतरावर. पाणी थांबत नाही. वर ज्याने रस्ता केला त्याच्या गळ्यात दहा वर्षं तोच रस्ता. बेलफाउंटनचा बार्थोलोम्यू सिमेंटवाला, रेकॉन्डो डांबरवाली, आणि दोघांत सारखं काय, तर हमी. एवढं सिद्ध झाल्यावर तशीच कलमं घालून दुसरे रस्ते सरसकट व्हायला हवे होते. झाले नाहीत.

२८ फेब्रुवारी १९८२ ला सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठलं, १ मार्च १९८९ ला पूर्ण उठलं. नव्वदच्या दशकात गोण्यांचे ढीग रस्त्यावर दिसू लागले आणि सिमेंटचे कारखाने पुन्हा १९२७ सारखे गिऱ्हाईक शोधू लागले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला, तो काँक्रीटचा. त्याच्यावरून गाडी हाकून आलेला प्रत्येक माणूस घरी येऊन म्हणाला, आमची गल्ली अशी का नाही? प्रश्न रास्त वाटतो. द्रुतगती मार्गाखालून मात्र कुणाच्या संडासाची लाइन जात नाही.

गल्लीत काँक्रीट येण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मी अभियंत्यांच्या परिषदेत कधी ऐकलं नाही. डिसेंबर १९९३ मध्ये खासदार निधी सुरू झाला. आमदारांचा निधी होताच, नगरसेवकांचाही आला. म्हणजे छोट्या छोट्या रकमा, त्यातल्या बऱ्याचशा ३१ मार्चच्या आत संपवायच्या आणि काम असं, की दिसलं पाहिजे, त्याच्यापाशी पाटी लावता आली पाहिजे. आता दहा फुटी गल्ली डोळ्यांपुढे आणा. हॉट मिक्सचा प्लांट गावाबाहेर. डंपर भरून माल आणायचा तर गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकतो, घमेल्यांनी वाहेपर्यंत माल थंड होतो, आणि थंड माल दाबला तरी बसत नाही. पेव्हर मशीन आत जात नाही. रोलर गेला तर मातीच्या जुन्या भिंतींना हादरे बसतात आणि दुसऱ्या दिवशी तक्रारअर्ज. काँक्रीटला यातलं काही लागत नाही. एक चाकावरचा मिक्सर, चार गोण्या, वाळू, खडी आणि आठ माणसं. पन्नास मीटर गल्ली दोन दिवसांत पांढरीशुभ्र. पेठांत, गावठाणांत, वाड्यावस्त्यांवर काँक्रीट पसरलं ते या सोयीने. टिकाऊपणाचं कारण नंतर चिकटवलेलं.

आणि सोयीने आलेलं काम सोयीनेच होतं. काँक्रीट ओतल्यावर ते आकसतं, आणि आकसताना तडकतंच. न तडकणारं काँक्रीट नसतं. तडा कुठे जावा एवढं फक्त आपण ठरवू शकतो, आणि त्यासाठी पहिल्या चोवीस तासांच्या आत कटरने साडेचारेक मीटरवर खाच पाडायची, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. मग तडा गुपचूप खाचेत जातो. गल्लीतल्या कामात कटर तिसऱ्या दिवशी येतो, “मशीन दुसऱ्या साइटवर होतं”. तोवर काँक्रीटने आपली वाट आपण निवडलेली असते, चेंबरच्या कोपऱ्यातून तिरकी. पृष्ठभागाला खराट्याने आडव्या रेघा मारायच्या असतात, टायर घसरू नये म्हणून. त्या मारेपर्यंत संध्याकाळ होते आणि माल कडक होतो. ओलं गोणपाट टाकून दोन आठवडे पाणी द्यायचं. पूर्ण ताकद यायला २८ दिवस. तिसऱ्या रात्री कुणीतरी दगड बाजूला सारून स्कूटर आत घालतो, कारण त्याच्या आईला जिना उतरून आल्यावर चालवत नाही. त्याला काय म्हणणार? आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात टँकरचं पाणी रस्त्यावर ओतताना बघून शेजारची बाई जे बोलते, त्यालाही उत्तर नसतं.

उन्हाचा मुद्दा लोक फार काढतात. काळा रस्ता जास्त तापतो, पांढरा डोळ्यांवर येतो. नागपूरकरांचं काँक्रीटवर काय म्हणणं आहे ते त्यांनाच विचारावं. माझ्या मते गल्लीत सावली किती आहे याने जास्त फरक पडतो. झाडाचा मुद्दा मात्र खरा आहे. डांबराचा रोलर भिंतीला टेकत नाही, म्हणून दोन्ही कडांना फूटभर मातीची पट्टी आपोआप उरायची. तिथे पाणी मुरायचं, तुळस, जास्वंद, एखादं कडुनिंबाचं झाड जगायचं. काँक्रीट घमेल्याने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातं. झाडाच्या बुंध्याला गळफास लावल्यासारखं ओतलेलं काँक्रीट मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता नवल वाटत नाही.

पण गल्लीचा खरा प्रश्न खाली आहे. गल्ली म्हणजे रस्त्याचं झाकण घातलेली नळांची वाट. पाण्याची जुनी बिडाची लाइन, ड्रेनेज, दर घराचा जोड, विजेची केबल, टेलिफोनची मेलेली केबल, इंटरनेटची जिवंत केबल, आता घरगुती गॅस. यातलं काहीतरी दर वर्षी फुटतं किंवा नव्याने येतं. डांबर खोदलं तर भरून काढता येतं. चांगलं भरत नाहीत हा भाग वेगळा, पण येतं. काँक्रीट खोदायचं म्हणजे ब्रेकरची धडधड, आणि चर बुजवला की वर पेव्हर ब्लॉक नाहीतर हातमिक्सचं ठिगळ. काँक्रीटच्या पाटीचं बळ ती अखंड असण्यात असतं. मधून चर गेला की दोन्ही बाजूंच्या कडा मोकळ्या होतात आणि तिथून ती ढासळते. पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेच्या लाइनींसाठी काँक्रीटच्या गल्ल्या कशा फोडल्या गेल्या ते पेठांत राहणाऱ्यांनी पाहिलं आहे. मुंबईत तर २०२३ च्या सुरुवातीला ३९७ किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची सुमारे ६,००० कोटींची कामं एका दमात दिली गेली. शहरातले रस्ते एकूण २,०५० किलोमीटरच्या आसपास. त्या रस्त्यांखालच्या शंभर वर्षांच्या लाइनींना हे वेळापत्रक कुणी कळवलं असेल असं वाटत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. डांबराचा थर चाळीस-पन्नास मिलिमीटरचा. जुना खरवडून नवा टाकायचा असतो, पण खरवडायचं मशीन गल्लीत येत नाही म्हणून थरावर थर चढले. त्याच्यावर काँक्रीट आलं ते सहा ते आठ इंच. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा, कुठल्याही पेठेत जा. जे जुने वाडे उरलेत त्यांच्या दाराशी उभं राहा. दिंडी दरवाजाचा उंबरा, जो ओलांडायला पाय उचलावा लागायचा, तो आता रस्त्याच्या बरोबरीला किंवा खाली गेला आहे. जिथे दोन पायऱ्या चढून ओट्यावर जायचे तिथे एक पायरी उतरून जातात. पाऊस आला की रस्त्याचं पाणी चौकात. घरमालक दारात विटांचा बांध घालतो आणि भाडेकरू त्याला अडखळतो. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना ‘टिकाऊ रस्त्या’चा अर्थ बादलीने पाणी उपसताना कळतो.

तरी एका शब्दाचं उत्तर हवंच असेल तर माझं मत सांगतो. जिथे घरं जुनी, लाइनी जुन्या आणि गल्ली रुंदीला बेताची, तिथे डांबर, पातळ थराचं, आधीचा थर हाताने का होईना उकरून. जिथे चढ तीव्र आहे, भाजीबाजाराचं किंवा गळतीचं पाणी बारा महिने वाहतं, किंवा मैलावाहिनी तुंबून वर येते, तिथे डांबर टिकत नाही. तिथे काँक्रीट, पण आधी लाइनी बदलून, घराघरांचे जोड एकदाच करून आणि पुढच्या केबलींसाठी आडवे रिकामे पाइप टाकून. हे नसेल तर काँक्रीट नको. डांबराचा खड्डा एका हंगामात बुजतो. चुकीच्या उंचीवर बसलेलं काँक्रीट तीस वर्षं तुमच्या दारात राहतं.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी काँक्रीटीकरणाचा फलक लागला, की पेढे वाटायच्या आधी वॉर्ड ऑफिसात जा आणि लाइनींचा नकाशा मागा. मग गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्याची उंची ठरलेल्या रस्त्याच्या पातळीपासून मोजून घ्या, ती कामाच्या मोजमापवहीत चढवायला लावा आणि खाली कनिष्ठ अभियंत्याची तारखेसकट सही घ्या. मिक्सर आल्यावर या गोष्टीला उशीर झालेला असतो.